घोडीची डाळ आणि जीवदयेचा डबा



मागच्या लेखात कैरीच्या छुंद्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणींनी मेसेज केले, पण यावेळी स्वयंपाकघराबाहेर जायचंय, म्हणजे अंगणापर्यंत. माझं माहेर शिरूर कासार. सिंदफणेच्या काठचं गाव, वडिलांचं भुसारचं दुकान. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तिथे माझ्या भाच्याचं लग्न होतं. सख्ख्या भावाचा मुलगा, त्यामुळे भुवा म्हणून सगळा मान माझा. बिंदोरी निघायच्या आधी घोडीला भिजवलेली चण्याची डाळ खाऊ घालायची, ते कामही माझंच. हिरवी शेरवानी, साफा, तलवार घेऊन भाचा तयार. बँडवाले घामाघूम. मी ताट घेऊन घोडीसमोर उभी राहिले.

घोडीने डाळीत तोंड घातलं आणि लगेच वर काढलं. पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. भाभी म्हणाल्या, "बाईसा, गर्दीला बुजली असंल, राहू द्या, एक घास खाल्ला म्हणजे झालं." मी ताट खाली केलं तर डाळीवर गुलाबी रंग. आधी वाटलं कुंकू सांडलं. मग नीट पाहिलं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून रक्त येत होतं, फेसात मिसळून डाळीवर पडत होतं.

फोटोवाला म्हणाला, "ताई, इकडं बघा." मी बघितलं. तो फोटो अल्बममध्ये आहे आणि मी त्यात हसते आहे.

बिंदोरी दुपारी एकपर्यंत चालली. गावातून, वेशीपासून मंगल कार्यालयापर्यंत, पुढे डीजे. संध्याकाळी लग्नघरात पाय दुखत असताना चार-पाच जणी मिळून आम्ही प्रतिक्रमणाला बसलो. पाठ इतका तोंडात बसलाय की मन दुसरीकडे असलं तरी जीभ चालत राहते, तुमचंही तसंच होत असेल. पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आले. बंध, वध, छविच्छेद, अतिभार, भक्तपानविच्छेद. आणि माझी जीभ थांबली.

लहानपणी महासतीजींनी पाठशाळेत याचे अर्थ सांगितले होते. बंध म्हणजे जनावराला घट्ट, हलताही येणार नाही असं बांधणं. वध म्हणजे इथे जीव घेणं नव्हे, मारझोड करणं. छविच्छेद म्हणजे कान, नाक, शेपूट, चामडी कापणं, टोचणं. अतिभार म्हणजे झेपणार नाही इतकं ओझं लादणं. भक्तपानविच्छेद म्हणजे वेळेवर चारा-पाणी न देणं. हे पाचही दोष जिवंत जनावराबद्दल आहेत हे मला त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं. मारून टाकण्याचा प्रश्न व्रताच्या मूळ शब्दांतच संपलेला असतो. अतिचार सुरू होतात ते आपल्या दारात बांधलेल्या, आपल्यासाठी राबणाऱ्या जनावरापासून.

त्या दिवशी त्या घोडीच्या बाबतीत आम्ही पाचांपैकी किती लावून घेतले ते मी मोजलं. तुम्हीही मोजा, मी आकडा सांगत नाही.

मग प्रश्न पडला की जीवदयेसाठी एवढा पैसा, एवढी टीप, दर पर्युषणात एवढ्या बोल्या करणाऱ्या आपल्या समाजाला ही घोडी इतकी वर्षं दिसली कशी नाही? घरी आल्यावर मी वाचायला लागले. कायदा कसा आला, आपल्या लोकांनी त्यात काय केलं, सरकारने काय केलं. त्यातलं जे मला महत्त्वाचं वाटलं ते इथे लिहिते.

आपल्याकडे राजाकडून जीवदयेचा हुकूम काढून घेण्याची परंपरा फार जुनी आहे. गुजरातच्या कुमारपाळ राजाची अमारी घोषणा आपण व्याख्यानात ऐकतो. आचार्य हीरविजयसूरी १५८३ च्या सुमारास फत्तेपूर सिक्रीला अकबराला भेटले आणि पर्युषणाच्या दिवसांत कत्तल बंद ठेवण्याचं फर्मान मिळालं, हेही सगळ्यांना माहीत आहे. शब्द बघा, अ-मारी. मारू नका. हुकूम मरणाविरुद्धचा होता. बादशहाच्या घोड्यांच्या तोंडात काय घालायचं, याबद्दल तो नव्हता.

इंग्रजांच्या काळातली मुंबईची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. शहरातल्या मोकाट कुत्र्यांना वर्षातल्या ठराविक दिवसांत मारण्याचा नियम सरकारने केला होता आणि मेलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. आठ आणे तेव्हा लहान रक्कम नव्हती. त्यामुळे शिपाई मोकाट कुत्र्यांवर थांबेनात, लोकांच्या अंगणातली, दाराशी झोपलेली पाळलेली कुत्रीही ओढून न्यायला लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान, माणूस गेल्यावर त्याच्यावर कुत्र्याची नजर पडणं हा त्यांच्या विधीचा भाग. ६ जून १८३२ ला फोर्टात पारशांचा जमाव शिपायांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. त्या बंदमध्ये पारशांबरोबर हिंदू होते आणि आपले जैन व्यापारीही होते. छावणीतल्या गोऱ्या सैन्याचा रोजचा शिधा अडला, तेव्हा सरकार जागं झालं. कुत्र्यांसाठी झालेला हा दंगा मुंबईच्या इतिहासातल्या पहिल्या मोठ्या दंग्यांत धरतात.

त्यातूनच १८३४ मध्ये मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. कुत्री मारण्याऐवजी उचलून ठेवायला जागा हवी होती. जमशेटजी जीजीभॉय आणि आपले मोतीचंद अमीचंद, म्हणजेच शेठ मोतीशा, हे त्यामागचे मोठे लोक. पालीताण्याला गेलेल्या बहिणींनी मोतीशाची टूंक पाहिलीच आहे, भायखळ्याचं देरासरही त्यांचंच. व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर जीवदयेची लाग बसवून घेतली आणि पांजरापोळ चालवला. सरकारने मारायला काढलेलं जनावर समाजाने स्वतःच्या खर्चाने सांभाळायचं, अशी ती व्यवस्था होती. भुलेश्वरच्या गर्दीत हा पांजरापोळ अजून आहे. मुंबईला गेलात तर बघून या, दागिन्यांच्या दुकानांपासून दोन गल्ल्यांवर गाईंचा हंबरडा ऐकू येतो.

मला या सगळ्याचा अभिमान वाटतो, आणि वाटलाच पाहिजे. पण पांजरापोळात कोण येतं? म्हातारं झालेलं, लुळं पडलेलं, खाटकाकडून सोडवलेलं. जे अजून राबतंय ते तिथे येत नाही. त्याच्या पाठीवर जखम असली तरी ते बाहेरच, गाडीला जुंपलेलं.

ते राबणारं जनावर सरकारला दिसलं त्यामागे मुंबईचे घोडे होते. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि योगायोग असा की प्राण्यांच्या छळाविरुद्धची मुंबईची संस्थाही त्याच वर्षी निघाली. लोखंडी रुळांवर माणसांनी भरलेला डबा, उन्हाळा, चढ, आणि पुढे एक किंवा दोन घोडे. १९०५ ला ही ट्राम बंद झाली तेव्हा कंपनीच्या तबेल्यात हजाराहून जास्त घोडे होते. सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी १८८३ मध्ये परळला जनावरांचा दवाखाना उभा केला आणि त्याला पत्नीचं नाव दिलं, बाई साकरबाई. आजही 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हटलं की रिक्षावाला बरोबर तिथे नेतो. नावातच बघा, बैल आणि घोडा, दोन्ही कष्टाची जनावरं.

इंग्लंडमध्ये याआधीच, १८२२ मध्ये, घोडे, गाढवं, गाई-बैल यांना क्रूरपणे मारण्याविरुद्ध कायदा झाला होता. कुत्री त्यात तेव्हा नव्हती, ती १८३५ मध्ये आली. हिंदुस्थानात कोलकात्यात १८६१ मध्ये पहिली संस्था निघाली आणि १८९० मध्ये सगळ्या ब्रिटिश मुलखासाठी एक कायदा झाला. त्या कायद्याची नजर रस्त्यावर होती, म्हणजे लोकांच्या डोळ्यांदेखत जनावराला मारणं, जास्त ओझं लादणं हा गुन्हा. वाड्याच्या आत, गोठ्यात काय चालतं त्याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं. आणि आपला बीड जिल्हा तर निजामाच्या राज्यात. इंग्रजांचा कायदा नगरच्या हद्दीपर्यंत. पाथर्डीकडून शिरूरकडे येणारा टांगा हद्द ओलांडली की त्याच्या घोड्याचा कायदाही बदलत असणार, असं माझ्या मनात उगाच येतं.

स्वातंत्र्यानंतर हा जुना कायदा बदलायला हवा असं ज्यांनी धरून लावलं त्या एक बाई होत्या, ही गोष्ट आपल्या ब्लॉगवर सांगायलाच हवी. रुक्मिणीदेवी अरुंडेल. नृत्यासाठी, कलाक्षेत्रासाठी त्यांचं नाव आपण ऐकतो. १९५२ मध्ये त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या आणि त्यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध स्वतःचं खाजगी विधेयक मांडलं. खाजगी विधेयकं सहसा पास होत नाहीत. पंडित नेहरूंनी सभागृहात त्यांच्या मुद्द्याला पाठिंबा दिला, सरकार स्वतः कायदा आणेल असं आश्वासन दिलं आणि त्यांनी विधेयक मागे घेतलं. समिती बसली, वर्षं गेली, पण आश्वासन पाळलं गेलं. १९६० च्या डिसेंबरात 'प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम' झाला. त्याखाली १९६२ मध्ये पशुकल्याण मंडळ स्थापन झालं आणि पहिल्या अध्यक्ष रुक्मिणीदेवीच झाल्या. (याच बाईंना १९७७ मध्ये मोरारजीभाईंनी राष्ट्रपतिपदासाठी विचारलं होतं आणि त्यांनी नाही म्हटलं. किती जणींना माहीत होतं? मला नव्हतं.)

त्या कायद्याचं अकरावं कलम मी मोबाईलवर वाचत होते. दुपारची वेळ, गव्हाला ऊन दाखवायला गच्चीवर टाकलेलं आणि मी सावलीला बसलेली. जनावराला मारणं, लाथ घालणं, झेपणार नाही इतकं पळवणं, जास्त ओझं लादणं. आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणं. हलता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं. पुरेसा चारा, पाणी, निवारा न देणं. अंग तोडणं, विद्रूप करणं. जखमी, आजारी, म्हाताऱ्या जनावराला कामाला जुंपणं.

बंध, वध, छविच्छेद, अतिभार, भक्तपानविच्छेद. अक्षरशः तेच. मी उठून आत गेले आणि प्रतिक्रमणाचं पुस्तक आणलं, दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. दिल्लीत कायदा लिहिणाऱ्यांनी आपली पाटी पाहून लिहिलं असं मला म्हणायचं नाही. जनावराला त्रास ज्या वाटांनी होतो त्या वाटा तेवढ्याच आहेत, कोणीही नीट बघितलं तर त्याच सापडणार.

फरकही आहेत. कायद्याने शेतीच्या सोयीसाठी वेसण घालणं, शिंगं काढणं, खच्ची करणं, डाग देणं याला ठरवलेल्या पद्धतीने मोकळीक ठेवली आहे. आपल्या छविच्छेदात अशी मोकळीक नाही. आणि कायदा कत्तल बंद करत नाही, फक्त तिथे छळ नको म्हणतो. म्हणजे गंमत अशी झाली की आपण मरण धरून बसलो आणि जगणं सोडलं. सरकारने जगणं धरलं आणि मरण सोडलं.

आणि शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. १९६० मध्ये पन्नास रुपयांना काही किंमत होती. साठ वर्षं उलटली तरी आकडा तोच राहिला. आज पन्नास रुपयांत बिंदोरीतल्या एका पाहुण्याचं सरबत होत नाही. शिवाय मारझोड आणि जास्त ओझं हे गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस आपणहून वॉरंटशिवाय पकडू शकत नाहीत. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दंड आणि कैद बरीच वाढवणारा सुधारणेचा मसुदा लोकांपुढे ठेवला, हरकती-सूचना मागवल्या. मसुदा आला तेव्हा आपल्या किती मंडळांनी पत्र पाठवलं? आमच्या मंडळाने नाही पाठवलं. तेव्हा आम्ही पर्युषणातल्या प्रभावनेत स्टीलचा डबा द्यायचा की काचेचा, यावर दोन मीटिंगा घेतल्या होत्या. मी त्या मीटिंगांना हजर होते.

कायद्यापेक्षा त्याखालचे नियम जास्त उपयोगाचे आहेत. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन या वेळात काम नाही. मे महिन्यात शिरूर कासारला ३७ अंश सकाळी दहालाच होतात! आणि काटे किंवा अणकुचीदार गाठी असलेला लगाम, तसलीच टोचणी, तसलंच जू वापरायला मनाई आहे. म्हणजे त्या घोडीच्या तोंडात जे होतं ते १९६५ पासून बेकायदा आहे. माझा जन्मही तेव्हा झाला नव्हता.

याच नियमांत पाठीवरच्या ओझ्याची यादी आहे. गाढवाला ५० किलो, तट्टाला ७०, खेचराला २००, उंटाला २५०. यादी सामानाच्या ओझ्याची आहे, स्वारीची नाही, हे कबूल. पण आमचा भाचा पुण्याला नोकरीला लागल्यापासून ८४ किलो झालाय, आणि साफा, शेरवानी, तलवार, वर पुढ्यात बसवलेला सहा वर्षांचा अणवर. हे मी भाभीला सांगितलं तर त्या रागावल्या. "लग्नात वजन काढतात का कोणी?"

घोड्यांचा विषय निघाला की मुंबईच्या व्हिक्टोरिया आठवतात. मरीन ड्राइव्हला चांदीच्या पत्र्याच्या, दिव्यांनी मढवलेल्या बग्ग्या. ८ जून २०१५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितलं. निकालात मला महत्त्वाची वाटली ती गोष्ट अशी की सरकारने त्यावर पोट असलेल्या लोकांच्या पुनर्वसनाची योजनाही करावी, असं न्यायालयाने म्हटलं. पुढे सरकारने मालकांना पैसे किंवा फेरीचा परवाना द्यायचं ठरवलं. काही वर्षांनी त्याच रस्त्यावर विजेवर चालणाऱ्या, घोड्याविनाच्या बग्ग्या आल्या. मला त्या जरा ओकंबोकं वाटतात, पण बरं वाटतं.

लग्नाच्या घोड्या मात्र कुठल्या निकालात फारशा येत नाहीत. त्या गल्लीबोळात असतात.

आता विक्री आणि चोरटी वाहतूक. आपल्या शिरूरपासून जवळच, पाथर्डी तालुक्यात, मढीची कानिफनाथांची यात्रा. रंगपंचमीला तिथे गाढवांचा मोठा बाजार भरतो. लहानपणी वडील वसुलीला त्या बाजूला जायचे तेव्हा मी एकदा बरोबर गेले होते. गाढवांच्या अंगावर रंगाचे पट्टे ओढलेले, दात बघून भाव ठरायचा. वीटभट्टी, वाळू, माती वाहणाऱ्या लोकांचं ते भांडवल. आता बाजार तेवढा भरत नाही असं माहेरचे सांगतात, आणि देशाची गणनाही तेच सांगते. २०१२ च्या पशुगणनेत देशात गाढवं सव्वातीन लाखांच्या आसपास होती, २०१९ मध्ये सव्वा लाखाच्या आत आली. घोडे आणि तट्टंही सव्वासहा लाखांवरून साडेतीन लाखांच्या आत. ट्रॅक्टर-टेम्पो आले हे मोठं कारण आहेच. पण गाढवांच्या बाबतीत आणखी एक आहे. चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून एक पारंपरिक औषध करतात, त्यासाठी आफ्रिकेपासून आशियापर्यंत गाढवं गोळा होतात. आंध्रात गाढवाचं मांस ताकदीचं म्हणून खाण्याचा प्रकार आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांत खाण्यासाठी कापता येणाऱ्या जनावरांत गाढव नाहीच, तरी महाराष्ट्रातून गाढवं चोरीला जाऊन तिकडे गेल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. जनावर गाडीत घालून न्यायचे नियम १९७८ पासून आहेत. प्रवासाला लायक असल्याचा पशुवैद्याचा दाखला लागतो. दाखला असतो की नाही हे रात्री दोन वाजता हायवेवर कोण बघणार?

मैत्रिणींनो, हा व्यापार फक्त दुसऱ्यांचा आहे असं समजू नका. आमच्या स्थानकाबाहेर संवत्सरीच्या आधी एक माणूस पिंजरा घेऊन उभा राहायचा. मुनिया, पोपट, कधी लावे. आजी मला पैसे द्यायची, मी पिंजऱ्याचं दार उघडायचे, पाखरं उडायची, आजी डोळे मिटून हात जोडायची. जीव सोडवला! पुढच्या वर्षी तो माणूस दोन पिंजरे घेऊन आला, कारण विकले जातात हे त्याला कळलं होतं. ती पाखरं पकडली जात होती आमच्यासाठीच. आपल्याकडचा पोपट पाळणं, विकणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, पण आजीला कोण सांगणार होतं? आजी गेली तेव्हा मी हे तिला कधीच बोलले नव्हते.

आणि पिल्लं! हल्ली संभाजीनगर, पुण्यात आपल्या घरांतूनही मुलांच्या वाढदिवसाला परदेशी जातीचं कुत्र्याचं पिल्लू येतं. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, पैदास करणाऱ्याला नोंदणी लागते. २०१८ पासून प्राणी विकणाऱ्या दुकानालाही नोंदणी लागते. आमच्या नात्यात एकीकडे बर्फातल्या जातीचं केसाळ कुत्रं आहे. दिवसभर बाल्कनीत साखळीला. साखळी सुंदर आहे, गुलाबी. बंध हा शब्द मला तिथे गेलं की आठवतो आणि चहा घशाखाली जात नाही. अजून मी तिला बोलले नाहीये. हे वाचून तिला कळेल, तेव्हा सॉरी गं, पण त्याला दोन वेळा खाली फिरवून आण.

आमच्या तालुक्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगते. शिरूर कासार तालुक्यात दहिवंडी नावाचं गाव आहे. तिथले सय्यद शब्बीर, सगळे त्यांना शब्बीरमामू म्हणतात. वडिलांपासून चालत आलेला वसा म्हणून त्यांनी शंभरावर गुरं सांभाळली, दुष्काळातही. दूध विकून नाही, शेणखत विकून खर्च भागवायचा. एखाद्या शेतकऱ्याला बैल दिला तरी तो खाटकाला देणार नाही, म्हातारा झाला की परत आणून सोडेन, असं लिहून घ्यायचं. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पशुकल्याणासाठी. तेव्हा आमच्या माहेरच्या ग्रुपवर अभिनंदनाचे फुलांचे फोटो नुसते धो-धो आले. मला त्यातला तो लिहून घेण्याचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. राबणारा बैल राबतानाही त्यांच्या हिशोबात राहतो. मोतीशांच्या पांजरापोळात येण्याआधीची जी दहा-बारा वर्षं असतात, त्यांचा हा बंदोबस्त आहे.

हे सगळं वाचून झाल्यावर धाकट्या भाच्याचं लग्न ठरलं. मी दादाला फोन केला, "घोडी नको." दादा म्हणाला, "आबा काय म्हणतील?" आबा म्हणजे आमचे चुलते, वय ८३. आबा म्हणाले, "नेमिनाथ भगवान पण वरात घेऊन निघालेच होते की." मी म्हटलं, "निघाले होते आणि जनावरांचा आक्रोश ऐकून परत फिरले." आबा हसले, पण घोडी पाहिजेच म्हणाले. माझी मुलगी मध्येच म्हणाली, "त्या रथाला घोडे होते ना? त्यांचं काय झालं?" कोणालाच उत्तर देता आलं नाही.

मग मी घोडीवाल्याशीच बोलले. तोच मागचा माणूस. त्याचा मला राग होता, तो त्याच्याशी दहा मिनिटं बोलल्यावर कमी झाला. तो म्हणाला, "ताई, वर्षात तीस-चाळीस तिथी. बाकी दिवस ती बसून खाते, मी पण बसून खातो. साधा लगाम आहे माझ्याकडं. पण तुमचा डीजे कानाशी वाजतो, पोरं फटाके पायाशी फोडतात, मग साध्या लगामात ती आवरत नाही. नवरदेव पडला तर मला कोण सोडतंय?" काटेरी लगाम त्याने घातला होता, पण का घातला ते आमच्या वरातीत होतं.

शेवटी ठरलं ते असं. बिंदोरी सकाळी आठला, नऊच्या आत संपवायची. डीजे नाही, नुसती सनई-चौघडा, तीही घोडीपासून लांब. फटाके नाहीत. अणवर गाडीतून. साधा लगाम, आणि घोडीला धरायला दुसरा एक माणूस. त्या दुसऱ्या माणसाचे घोडीवाल्याने ५०० रुपये जास्त मागितले. भाभींनी सवयीप्रमाणे घासाघीस सुरू केली, "मागच्या वेळी तर एकच होता!" मी आत गेले, देव्हाऱ्याशेजारचा जीवदयेचा डबा उघडला आणि ५०० काढून त्याच्या हातावर ठेवले.

पोरांनी कोपऱ्यावर एक लड लावलीच. घोडी दचकली, दोघांनी धरली. डाळ तिने सगळी खाल्ली, ताट चाटलं.

भाभींचं म्हणणं अजून असं आहे की तो लग्नाचा खर्च होता, जीवदयेच्या पैशाला असा हात लावायचा नसतो, तो पांजरापोळाला जायचा असतो, मी ते ५०० परत डब्यात टाकावेत. महासतीजी या चातुर्मासात आमच्याकडेच आहेत, त्यांना विचारायचं म्हणते. अजून विचारलं नाही, आणि टाकलेही नाहीत.